तीन लॅपटॉप, एक लाख रुपये आणि अकोल्याचा मे महिना

ऑगस्ट २०२५. भाच्याचा पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला आणि त्याच संध्याकाळी मला व्हॉट्सॲपवर तीन लिंका आल्या. पेढ्याच्या बॉक्सचा फोटो त्यानंतर. लिंकांखाली एवढंच लिहिलेलं: "मामा, यातला कोणता? गेमिंगसाठी. बाबांना सांगताना फक्त कोडिंग म्हण."

बाबांना ते न सांगताही कळलं होतं. भाऊजींचा फोन रात्री आला. "एवढे पैशे खेयासाठी कायले घालाचे बाप्पा? कॉलेजाले चाळीस हजाराचा चालत नाही का?" प्रश्न रास्त होता. पहिल्या दोन वर्षांचं कोडिंग चाळीस हजारांच्या लॅपटॉपवर आरामात होतं, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण पोरगं खेळणार हे नक्की होतं. साध्या लॅपटॉपवर खेळून दुसऱ्या वर्षी नव्यासाठी पुन्हा तगादा लावण्यापेक्षा एकदाच चार वर्षांचं बघावं, असं ताईचं म्हणणं पडलं. शेवटी तह झाला: एक लाख, त्यात सगळं आलं पाहिजे, आणि उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याच्या घरात मशीन चाललं पाहिजे. ही शेवटची अट भाऊजींनी सहज घातली होती. सगळा निकाल पुढे तिच्यावरच फिरला.

उमेदवार

पहिला लॅपटॉप दिसायला सगळ्यांत देखणा. पातळ, धातूचा, ओलेड स्क्रीन, दीड किलोच्या आसपास वजन. आत इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ १५५एच हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स कार्ड, सहा जीबी मेमरीचं. अंगावर एआयचं स्टिकर. किंमत बरोबर लाखाला टेकलेली.

दुसरा जाड, काळा, प्लास्टिकचा. एएमडीचा रायझन ७ ७७३५एचएस, आरटीएक्स ४०६०, आठ जीबी. स्क्रीन साधी फुल एचडी, १४४ हर्ट्झची. लाखाच्या दहाएक हजार आत.

तिसरा त्या वर्षीचा. इंटेलचा कोअर ७ २४०एच आणि मे महिन्यातच बाजारात आलेलं आरटीएक्स ५०६०, आठ जीबी, स्क्रीन २५६० बाय १६००. हा हद्दीच्या पंधरा हजार पुढे होता, पण भाच्याचा जीव याच्यात अडकला होता. लिंक तीन असल्या तरी मत एकच होतं, बाकीचे दोन तोंडी लावायला.

मी त्याला म्हटलं, आधी कागदावर लिही, पुढच्या वर्षभरात नक्की काय खेळणार आहेस. यादी आली: रोज रात्री मित्रांबरोबर वॅलोरंट, अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २, एल्डन रिंग अर्धवट राहिलंय ते, सायबरपंक २०७७, आणि "जीटीए ६ आल्यावर". शेवटचं मी खोडलं. रॉकस्टारने त्या खेळाची घोषणा कन्सोलसाठी केली होती, पीसीची तारीख सोडाच, नावही काढलं नव्हतं. न जन्मलेल्या पोरासाठी पाळणा कशाला?

नावं नवी, माल कोणता

लॅपटॉपच्या प्रोसेसरचं नाव वाचून त्याचं वय कळत नाही, हा या सगळ्या प्रकारातला पहिला सापळा. एएमडीने २०२२ च्या सप्टेंबरात नावं ठेवायची नवी पद्धत आणली. त्या पद्धतीत चार आकड्यांपैकी पहिला आकडा वर्ष सांगतो आणि तिसरा आतली रचना. म्हणजे ७७३५ मधला पहिला सात हा २०२३ चा, पण तिसऱ्या जागेवरचा तीन सांगतो की आत झेन ३ प्लस ही आधीची रचना आहे. हाच माल २०२२ मध्ये रायझन ७ ६८००एच या नावाने विकला जात होता. त्याच वर्षी शेजारी ठेवलेला ७८४०एचएस मात्र खरोखर नव्या झेन ४ रचनेचा. दोन्हींवर लिहिलेलं असतं "रायझन ७, ७००० मालिका". तिसरा आकडा न बघणारा गिऱ्हाईक दोघांना सख्खे भाऊ समजतो.

इंटेलनेही यात मागे राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. भाच्याच्या लाडक्या तिसऱ्या लॅपटॉपमधला कोअर ७ २४०एच हा २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाला, पण आत जुनीच रॅप्टर लेक रचना आहे: सहा मोठे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), चार छोटे, २४ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी. २०२३ चा आय७ १३६२०एच काढून बघा, तेच सहा, तेच चार, तेवढीच कॅश. फरक काय, तर कमाल वेग ४.९ वरून ५.२ गिगाहर्ट्झ झाला आणि नावातला 'आय' गेला. हे सांगितल्यावर भाचा थोडा वेळ गप्प झाला.

पहिल्यातला अल्ट्रा ७ १५५एच हा डिसेंबर २०२३ चा. कोअर मोजायला गेलात तर सोळा, पण त्यात मोठे सहाच, आठ छोटे, आणि दोन अगदी किरकोळ कामाचे. खेळ मोठ्या कोअरवर चालतो. बॅटरी वाचवायला ही रचना चांगली, त्याबद्दल तक्रार नाही.

पण खरा प्रश्न वेगळा होता: या तिघांतला फरक त्या यादीतल्या खेळांना कळणार आहे का?

प्रोसेसर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्राला, ठरवतो की कोण कुठे उभा आहे, गोळी लागली की नाही, काय काय रंगवायचं आहे. मग ते काम ग्राफिक्स कार्डाच्या हाती जातं. वॅलोरंटचं चित्र इतकं साधं आहे की कार्ड पटकन मोकळं होतं आणि प्रोसेसरची वाट बघत बसतं. म्हणजे तिथे गती प्रोसेसर ठरवतो. सायबरपंकमध्ये उलट, विशेषतः रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवणं) लावलं की कार्डाला घाम फुटतो आणि प्रोसेसर त्याची वाट बघतो. एल्डन रिंग तर पीसीवर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जातच नाही, त्याला कुलूपच तसं आहे. तिघांतला कोणताही घेतला तरी मर्यादा ६०चीच.

राहिलं वॅलोरंट. १४४ हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते, म्हणजे एका फ्रेमला सात मिलिसेकंदांहून किंचित कमी वेळ. वॅलोरंटसारख्या हलक्या खेळात आठ कोअरचा झेन ३ प्लस एवढं सहज गाठतो. त्यापुढच्या फ्रेमांनी माऊसचा प्रतिसाद थोडा सुधारतो हे खरं, पण तो फरक ओळखणारी बोटं स्पर्धेत उतरणाऱ्यांची. भाच्याची रँक मला माहीत होती. मी ती इथे लिहीत नाही.

थोडक्यात, तीन प्रोसेसरांत दुसरा सगळ्यांत जुना होता, आणि या यादीपुरता त्याने काही बिघडत नव्हतं. मोठी शहरं उभारण्याचे खेळ, फॅक्टोरिओसारखे हिशेबी खेळ किंवा २४० हर्ट्झची स्क्रीन असती, तर माझं मत फिरलं असतं.

वॅट कुठे लिहिलेत ते दाखवा

कार्डाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, कारण इथे नाव तेच राहून माल बदलतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ कुडा कोअर (चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग) आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ आणि १६ जीबी, म्हणजे खरं तर डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप. ४०७० चंही तसंच: डेस्कटॉपला ५,८८८ कोअर नि १२ जीबी, लॅपटॉपला ४,६०८ नि आठ. त्या पिढीत मला प्रामाणिक वाटलेलं कार्ड म्हणजे ४०६०. डेस्कटॉपला ३,०७२, लॅपटॉपलाही ३,०७२, दोन्हीकडे आठ जीबी.

यावर दुसरा थर वॅटचा. लॅपटॉपमधल्या ४०६० ला कंपनी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, ४०५० लाही तेच. वर डायनॅमिक बूस्ट म्हणून प्रोसेसरच्या वाट्याचे काही वॅट कार्डाकडे वळवता येतात, आणि जाहिरातीत "१४० वॅट" लिहिलेलं दिसतं ते त्यामुळे. पूर्वी पातळ लॅपटॉपांतल्या कमी विजेच्या कार्डांवर मॅक्स-क्यू असं वेगळं नाव असायचं. ते २०२१ च्या सुमाराला मागे पडलं आणि तेव्हापासून वॅट शोधायचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात आलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण वॅटचा मंत्र शिकलेले लोक पुढे त्याचाच जप करत बसतात. ४०५० आणि ४०६० या चिपा साधारण १०० वॅटनंतर फारशा पळत नाहीत. त्यांचा व्होल्टेज वर बांधलेला असतो, जास्त वीज देऊ केली तरी खेळात त्या ती ओढतच नाहीत. म्हणून ११५ विरुद्ध १४० ही झुंज बहुतांशी स्टिकरवरची. ५०६० ला एनव्हिडियाने ४५ ते १०० वॅट एवढाच पट्टा ठेवला, तो मला उलट शहाणपणाचा वाटतो. ५०-६० वॅट आणि १०० वॅट यांतला फरक मात्र खरा आहे, तो खेळताना दिसतो.

पहिल्या देखण्या लॅपटॉपच्या पानावर वॅटचा आकडाच नव्हता. न लिहिण्यातच बहुतेक उत्तर असतं. दुकानात जाऊन प्रदर्शनातल्या मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडलं, खाली 'सिस्टिम इन्फर्मेशन'वर टिचकी मारली, आणि 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर'समोर ६० वॅट दिसले. विक्रेता मुलगा माझ्या खांद्यावरून बघत होता. "सर, इथं असं कळतं?" म्हणाला. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मेमरीचा मुद्दा त्याहून ठाम होता. हे मी अनुभवाने बोलतोय. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी चार जीबीचं ३०५० घेऊन बसलो होतो, दुकानदाराच्या "सब चलता है सर" वर विश्वास ठेवून. चालतं, पण खेळातले भिंतींचे पोत चिखलासारखे ठेवले तर. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि लागेल तसा पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बाकी मशीन यांना जोडणाऱ्या, वाटेने आणावा लागतो. ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २५६ जीबी वाहते. ही वाट, आठ लेन चौथ्या पिढीच्या धरल्या, तर सुमारे १६ जीबी. म्हणजे घरच्या नळाऐवजी दोन गल्ल्या पलीकडून हंड्याने पाणी. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मधेच खेळ आचके देतो, आणि खेळणाऱ्याला सरासरी आठवत नाही, आचका आठवतो.

सहा जीबीवर २०२५ मध्ये पैसे घालायचे नाहीत, असं मी तिथेच ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या खेळाने किमान कार्ड म्हणून आठ जीबीचं आरटीएक्स २०६० सुपर मागितलं होतं. किमान! चार वर्षं वापरायच्या मशीनची पहिल्याच दिवशी किमान अटीखालून सुरुवात कशाला करायची? पहिला उमेदवार बाद झाला. ओलेड स्क्रीन बघून भाच्याने एक सुस्कारा टाकला, मीही.

दुसरा की तिसरा

४०६० आणि ५०६० समोरासमोर ठेवले तर कोअर ३,०७२ विरुद्ध ३,३२८, म्हणजे आठेक टक्के जास्त. मेमरी दोन्हीकडे आठच जीबी, पण नव्यात ती जीडीडीआर७ प्रकारची, वेगवान. नवं कार्ड सरस आहे यात वाद नाही.

भाच्याचा हुकमाचा एक्का होता मल्टी फ्रेम जनरेशन. ४०-मालिकेचं कार्ड दोन खऱ्या फ्रेमांच्या मधे एक बनवलेली फ्रेम घालतं, ५०-मालिकेचं तेव्हा तीनपर्यंत घालायचं. "मामा, चौपट!" तो म्हणाला. मी त्याला विचारलं, बटण दाबल्यावर तुझा माणूस किती वेळात हलणार? ते खऱ्या फ्रेमच ठरवतात. सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम असतील तर आकडा १२० दिसेल, हाताला मात्र तीसचाच जडपणा लागेल, थोडा जास्तच, कारण मधल्या फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम रोखून धरावी लागते. शिवाय हे सगळं त्याच आठ जीबीतून जागा खातं. मूळ ६० फ्रेम असतील तर ही सोय छान आहे, आणि तेवढ्यासाठी ४० मालिकेची एक फ्रेमही पुरते. वॅलोरंटला तर यातलं काहीच लागू नाही.

मग स्क्रीन. तिसऱ्याची २५६० बाय १६०० म्हणजे ४०,९६,००० ठिपके. फुल एचडीचे २०,७३,६००. जवळपास दुप्पट काम, आणि कार्ड आठेक टक्क्यांनी मोठं. डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र रंगवून ते मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) लावून हे भागतं आणि चित्र खरोखर सुंदर दिसतं, मी नाकारत नाही. दुसऱ्याच्या स्क्रीनचा रंगांचा आवाका एनटीएससी या मापाने ४५ टक्के, म्हणजे एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. लाल रंग विटकरी दिसतो. या लॅपटॉपमधली ही खरी खोट होती, आणि पंचवीसएक हजारांचा फरक मला जर कुठे पटत असेल तर तो स्क्रीनसाठी पटत होता, कार्डासाठी नाही.

निर्णय अकोल्याने केला.

यूट्यूबवरच्या चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ च्या मेमध्ये तर उन्हामुळे जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं. घरात एसी एकाच खोलीत, आणि ती भाऊजींची. भाच्याच्या खोलीत कूलर. समजा खोली ३८ अंशांवर आहे. लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवाच आत ओढतो, त्यामुळे खोलीत जितके अंश वाढले जवळपास तितकेच चिपवर वाढतात. पुण्यात प्रोसेसर ८५ वर चालत असेल तर तोच भार घेऊन अकोल्यात तो ९५ च्या भिंतीला जाऊन थडकणार, आणि ७७३५एचएस ची कमाल मर्यादा ९५ आहे. तिथे चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते. अशा वेळी कामाला येतं ते लोखंड: जाड हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातू), दोन मोठे पंखे, मागे आणि बाजूला मोकळ्या जाळ्या.

दुकानात मी दोन्ही मशीनं उलटी करून बघितली. दुसऱ्याच्या तळाला अर्ध्याहून जास्त जाळी आणि चार ठिकाणी हवा बाहेर पडायची सोय. तिसरा त्याच्यापेक्षा पातळ, बाहेर पडायच्या वाटा दोनच. शिवाय त्यातला इंटेल जोर लावला की भरपूर वीज ओढणारा. मी त्याची परीक्षा घेतली नाही, हा अंदाजच होता. पण चार उन्हाळ्यांचा प्रश्न होता आणि वर बजेट.

कूलरबद्दल एक सूचना, कारण विदर्भात हे सगळे करतात: लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. हवा थंड असते पण ओली असते, आणि आत बसलेली धूळ तिने लिंपल्यासारखी होते.

घेतल्यावर

दुसरा घेतला. उरलेल्या पैशांत पहिलं काम रॅमचं केलं, कारण बहुतेक कंपन्यांसारखी यांनीही सोळा जीबीची एकच पट्टी दिली होती. डीडीआर५ ४८०० ची एक पट्टी सेकंदाला ३८.४ जीबी देते, दोन लावल्या की ७६.८. वॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळाला हा फरक जाणवतो, म्हणजे जुन्या प्रोसेसरची थोडी भरपाई यातूनच झाली. तशीच दुसरी सोळाची पट्टी सर्व्हिस सेंटरमधूनच बसवून घेतली. मग एमयूएक्स स्विच: सेटिंगमध्ये जाऊन खेळताना स्क्रीन थेट कार्डाला जोडली, एरवी हायब्रिडवर. कार्डाची प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समार्गे स्क्रीनवर जायची वळणवाट त्याने वाचते.

उन्हाळ्यासाठी दोन गोष्टी लिहून दिल्या. एकट्याने खेळायच्या खेळांना ६० फ्रेमची मर्यादा घालायची, आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के करायची. एक टक्का दिसतो, पण त्याने बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने तात्पुरता वाढवलेला वेग, बंद होतो आणि प्रोसेसर लगेच निवतो. सायबरपंकमध्ये फ्रेम फारशा पडत नाहीत, कारण तिथे तसंही काम कार्डाचं आहे. वॅलोरंटला मात्र हे करायचं नाही.

भाऊजींनी बिल बघितलं, लाखाच्या आत होतं. "वजन हाय मंग याले," एवढंच म्हणाले, हातात घेऊन.

त्यांचं बरोबर होतं आणि माझ्या हिशेबात नेमकं तेच नव्हतं. लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे, त्यात विटेएवढा २३० वॅटचा चार्जर. होस्टेलपासून कॉलेज पायी वीस मिनिटं. पहिल्या महिन्यात भाच्याने रोज नेला, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, आणि दिवाळीत भेटला तेव्हा खांदा चोळत म्हणाला, "मामा, वॅट मोजलेस, किलो नाही मोजलेस." पहिला लॅपटॉप दीड किलोचा होता याची आठवणही त्याने करून दिली.

मशीनला टाइप-सी मधून चार्जिंग घेता येत होतं. मी त्याला १०० वॅटचा छोटा चार्जर घेऊन दिला. त्यावर खेळ नीट चालत नाही, प्रॅक्टिकल चालतात. वीट आता होस्टेलच्या टेबलामागे कायमची लावलेली असते.